क्लार्क आणि क्लर्क

इंग्रजी भाषेत असा एक शब्द आहे की, त्याच्यावर आमच्यासारख्या सहस्रावधी माणसांचा चरितार्थ चालतो, आणि तरीही त्याचा उच्चार कसा करावा याविषयी त्या भाषेच्या दोन मोठ्या शाखांत एकमत नाही. तो शब्द म्हणजे ‘क्लार्क’. इंग्लंडात तो दीर्घ ‘आ’कार घेऊन येतो, अमेरिकेत त्याचा ‘क्लर्क’ होतो. आपल्या मराठीने इंग्लंडची रीत उचलली आणि ‘हेडक्लार्क’ हा शब्द आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळीच घरोघर पोहोचविला. हिंदीने मात्र ‘क्लर्क’ हे रूप पसंत केले. त्यामुळे महाराष्ट्रातून उत्तरेकडे बदली होऊन आलेल्या मराठी माणसाचा हुद्दा आणि पगार तोच राहिला, तरी आगगाडीतून उतरल्याबरोबर क्लार्काचा क्लर्क होणे त्यास चुकत नाही.

या दोहोंपैकी खरा उच्चार कोणता? सुशिक्षितांत सामान्यतः अशी समजूत आढळते की, इंग्रजाचा उच्चार मूळचा आणि अमेरिकनाचा बिघडलेला. लंडनच्या शिकलेल्या गृहस्थाचा शुद्ध आणि यॉर्कशरच्या शेतकऱ्याचा अपभ्रष्ट. ही समजूत निरुपद्रवी असती तर तिच्या वाटेस जाण्याचे कारण नव्हते. परंतु उच्चारावरून माणसाची बुद्धी, कुल आणि योग्यता यांचा निवाडा करण्याची खोड जगात फार जुनी आहे, आणि त्या निवाड्यापायी कित्येकांच्या पोटावर पाय आलेला आहे. म्हणून ही समजूत इतिहासाच्या कसोटीवर एकदा घासून पाहणे योग्य होईल. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, उच्चारभेद हा कोणी भाषा बिघडविल्यामुळे पडत नाही. भाषा सर्वत्र बदलत असते. पण ती सर्वत्र एकाच वेळी, एकाच दिशेने बदलत नाही, एवढेच. कोणता बदल ‘शुद्ध’ आणि कोणता ‘गावंढळ’ हे मात्र ध्वनी ठरवीत नाही. ते ठरविणारे हात निराळे असतात.

प्रथम आपल्या शब्दाचीच कुळकथा पाहू. ‘क्लार्क’चे मूळ लॅटिन ‘क्लेरिकस’ या शब्दात आहे. क्लेरिकस म्हणजे ख्रिस्ती धर्मपीठाच्या सेवेतील मनुष्य. मध्ययुगात लिहिणे-वाचणे बहुधा याच वर्गास येत असल्यामुळे जो लेखणी चालवितो तो ‘क्लेर्क’ असा संकेत झाला, आणि पुढे धर्माशी असलेला संबंध सुटून लेखणीशी असलेला तेवढा उरला. चौदाव्या शतकात या शब्दात ऱ्हस्व ‘ए’ होता आणि त्यापाठोपाठ खणखणीत ‘र’ होता. म्हणजे आजचा ‘क्लार्क’ही मूळचा नव्हे आणि ‘क्लर्क’ही नव्हे. वडील भाऊ कोण आणि धाकटा कोण हा वाद चालू असता दोघेही नातू निघावे, तसा हा प्रकार आहे.

‘ए’चा ‘आ’ कसा झाला? चौदाव्या शतकात उत्तर इंग्लंडात आणि पंधराव्या शतकात दक्षिणेत ‘र’च्या अलीकडील ऱ्हस्व ‘ए’ पसरून ‘आ’कडे झुकू लागला. या लाटेत अनेक शब्द वाहून गेले. ‘स्टेरे’चा ‘स्टार’ झाला, ‘डेर्क’चा ‘डार्क’, ‘फेर’चा ‘फार’ आणि ‘फेर्म’चा ‘फार्म’ झाला. या शब्दांचे स्पेलिंगही उच्चाराबरोबर बदलल्यामुळे त्यांच्या पूर्वाश्रमाची आज कोणास शंकाही येत नाही. काही शब्दांची दोन रूपे होऊन दोघांनी वेगळे संसार थाटले. व्यक्ती या अर्थाचा ‘पर्सन’ आणि गावच्या पाद्र्यास लावावयाचा ‘पार्सन’ हे मूळचे एकच. ‘युनिव्हर्सिटी’चे आखूड रूप ‘व्हार्सिटी’ असे होते, यातही त्याच लाटेची खूण आहे. आणि काही शब्द असे राहिले की, त्यांचा उच्चार बदलला, पण स्पेलिंग जागचे हलले नाही. ‘क्लार्क’, ‘सार्जंट’ आणि ‘डार्बी’ हे गावाचे नाव, ही त्या वर्गातील ठळक उदाहरणे होत.

यानंतर जे घडले ते अधिक बोधप्रद आहे. अठराव्या शतकात साक्षरता वाढली, शब्दकोश निघाले, आणि लिहिल्याप्रमाणे बोलावे असे लोकांस वाटू लागले. जॉन वॉकर नावाचा एक नट रंगभूमी सोडून वक्तृत्वशिक्षक झाला होता. त्याने १७९१ साली उच्चारांचा एक मोठा कोश प्रसिद्ध केला. त्यात त्याने नमूद करून ठेविले आहे की, तीस वर्षांपूर्वी ‘मर्चंट’ या शब्दाचे पहिले अक्षर प्रत्येक जण ‘मार्’ असे उच्चारीत असे, आणि ‘सर्व्हंट’चा ‘सार्व्हंट’ असा उच्चार आता खालच्या वर्गात ऐकू येतो. म्हणजे बाप ज्या उच्चाराने सभ्य गणला जाई, तोच उच्चार मुलाच्या काळी हलक्या कुळाची खूण ठरला. मधल्या काळात ध्वनीत काही दोष उत्पन्न झाला होता असे नाही. मोठ्या लोकांनी तो टाकला आणि गरिबांनी धरून ठेविला, एवढेच झाले होते.

याच वॉकरने ‘डार्बी’ आणि ‘बार्कली’ या विशेषनामांविषयी असेही म्हटले होते की, प्रतिष्ठितांत तीदेखील ‘डर्बी’ आणि ‘बर्कली’ होऊ लागली आहेत. इंग्लंडात त्याचा अंदाज फसला. १७८० साली सुरू झालेली घोड्यांची प्रसिद्ध शर्यत तेथे आजही ‘डार्बी’च आहे. परंतु अमेरिकेत केंटकी राज्यात १८७५ पासून धावणारी शर्यत ‘डर्बी’ झाली. तत्त्वज्ञ बिशप बार्कली यांच्या नावावरून १८६६ साली कॅलिफोर्नियातील एका वसाहतीस नाव दिले गेले, ते त्या देशी ‘बर्कली’ म्हणूनच नांदते आहे. आणि ज्या अमेरिकेने ‘क्लर्क’ केला, तिनेच ‘सार्जंट’ मात्र जशाचा तसा ठेविला! नियम एक, शब्द तेच. पण कोणता शब्द कोठे अडकला आणि कोठे वाहत गेला, याचा हिशेब प्रदेशागणिक वेगळा.

एका शब्दाच्या चरित्रात जे दिसते, तेच साऱ्या भाषेच्या इतिहासात मोठ्या प्रमाणावर दिसते. इंग्रजी ही कधी काळी एकजिनसी होती आणि पुढे तिचे तुकडे पडले, असे मानण्यास मुळीच आधार नाही. पाचव्या शतकात जर्मनी व डेन्मार्क यांच्या किनाऱ्यांवरून अँगल, सॅक्सन आणि ज्यूट या टोळ्या ब्रिटनमध्ये उतरल्या, त्या निरनिराळ्या बोली घेऊनच. त्या ज्या ज्या भागांत वसल्या, तेथे तेथे त्यांच्या बोली रुजल्या. नवव्या शतकात डेन लोक आले आणि उत्तर व पूर्व इंग्लंडात स्थायिक झाले. त्यांची भाषा इंग्रजीची सख्खी चुलतबहीण. शब्द तेच, ध्वनी थोडे निराळे. इंग्रजीने ज्या ठिकाणी ‘क’चा ‘च’ आणि ‘स्क’चा ‘श’ केला होता, तेथे डेनांनी मूळचे कठोर व्यंजन राखले होते. म्हणून दक्षिणेतील ‘चर्च’ला स्कॉटलंडात ‘कर्क’ म्हणतात, आणि ‘शर्ट’ व ‘स्कर्ट’ हे मूळचे एकच वस्त्र असून आज दोन अंगांवर दिसतात.

या भेदाची एक मौजेची हकीकत इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने १४९० साली लिहून ठेविली आहे. काही व्यापारी थेम्स नदीतून जहाजाने निघाले असता वाऱ्याअभावी किनाऱ्यास लागले. त्यांतील एकाने एका घरी जाऊन अंडी मागितली आणि त्यासाठी ‘एग’ हा उत्तरेकडील, डेन वळणाचा शब्द वापरला. घरधनीण म्हणाली की, आपणास फ्रेंच येत नाही. व्यापारी संतापला, कारण फ्रेंच त्यासही येत नव्हते. अखेर दुसऱ्या कोणी ‘आयरेन’ हा दक्षिणेकडील शब्द उच्चारला, तेव्हा कोठे बाईंच्या ध्यानात आले. ‘एग’ आणि ‘आय’ हे एकाच मूळ शब्दाचे दोन प्रांतांतील उच्चार. पण तेवढ्याने एका इंग्रजाला दुसरा इंग्रज परदेशी वाटला. आणि पुढे विजय मिळाला तो थेम्सकाठच्या बाईंना नव्हे, त्या उत्तरेकडील शब्दाला! आज लंडनच्या राजवाड्यातही न्याहारीला ‘एग’च असते.

उच्चारभेदाचे दुसरे आणि अधिक मोठे कारण म्हणजे स्वरांचे स्थलांतर. सुमारे १४०० ते १७०० या तीन शतकांत इंग्रजीतील सर्व दीर्घ स्वर आपापल्या जागा सोडून वर सरकले. सरकारी नोकरांस हा प्रकार समजावयास कठीण नाही. कचेरीत वरची एक जागा रिकामी झाली म्हणजे खालचा मनुष्य तिच्यावर जातो, त्याच्या जागी त्याच्या खालचा येतो, आणि एका हुकुमासरशी बदल्यांची साखळी सुरू होते. तसेच हे घडले. सर्वांत वरचे ‘ई’ आणि ‘ऊ’ आपल्या जागा सोडून ‘आइ’ आणि ‘आउ’ झाले. ‘ए’ हा ‘ई’च्या जागी गेला, ‘ओ’ हा ‘ऊ’च्या. ‘टीम’ होता त्याचा ‘टाइम’ झाला, ‘मोन’ होता त्याचा ‘मून’, आणि ‘हूस’ होता त्याचा ‘हाउस’. परंतु उत्तर सीमेवर आणि स्कॉटलंडात ‘ओ’ फार पूर्वीच दुसरीकडे निघून गेला होता. ‘ऊ’ला ढकलणारे मागे कोणी नव्हते, म्हणून ‘ऊ’ आपल्या खुर्चीवर बसून राहिला. स्कॉटलंडच्या खेड्यातील माणूस अजूनही घराला ‘हूस’ म्हणतो, तो काही ‘हाउस’चा अपभ्रंश करीत नाही. त्याचा शब्द चॉसरच्या काळचा आहे. बदलले ते लंडन.

हा क्रम पुढेही चालूच राहिला. सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडातील ‘कुप’, ‘बुट’ अशा शब्दांतला ‘उ’ सैल पडून ‘कप’, ‘बट’ असे उच्चार झाले. उत्तर इंग्लंडाने हा बदल स्वीकारला नाही. तेथे प्यालाही ‘कुप’ राहिला आणि ठेवणेही ‘पुट’ राहिले, दोहोंत एकच स्वर. पुढे अठराव्या शतकाच्या सुमारास दक्षिणेत ‘पाथ’, ‘बाथ’, ‘ग्लास’, ‘लास्ट’ यांतील स्वर लांबून दीर्घ ‘आ’ झाला; उत्तरेत तो आखूडच राहिला आणि अमेरिकेत ‘ॲ’ असा राहिला. आपल्या मराठीत ‘ग्लास’, ‘पास’, ‘क्लास’ हे शब्द दीर्घ आकाराने रूढ झाले, ते या दक्षिणी वळणाचे होत. हा दीर्घ ‘आ’ आज इंग्रजी खानदानीपणाचे लक्षण समजला जातो. परंतु १७९१ साली वॉकरसाहेबांना तो कसा वाटला? अशा शब्दांतील स्वर फार लांबविणे हे जवळजवळ ग्राम्यतेत जमा होते, असा शेरा त्यांनी मारून ठेविला आहे. काल जे ग्राम्य होते ते आज राजमान्य झाले; कोश तेवढा कपाटात राहिला.

‘र’ची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. चॉसरच्या काळी आणि शेक्सपिअरच्या काळी इंग्रज माणूस लिहिलेला ‘र’ सामान्यतः उच्चारीत असे. अठराव्या शतकात लंडनमध्ये स्वरानंतरचा ‘र’ हळूहळू विरघळू लागला. तेथे ‘बार’, ‘कार्ड’ या शब्दांतील ‘र’ जवळजवळ ऐकूच येत नाही, अशी नोंद वॉकरनेच केली आहे. तेव्हा आजचा लंडनकर आपल्या शब्दाचा ‘आ’ राखून असला, तरी ‘र’ गाळून ‘क्लाऽक’ असे काहीतरी म्हणतो. स्कॉटलंडात मात्र ‘आ’ही शाबूत आहे आणि ‘र’ही शाबूत आहे. म्हणजे आपला मराठी ‘क्लार्क’ ज्याच्याशी हुबेहूब जुळतो, तो उच्चार लंडनचा नसून एडिंबरोचा आहे!

समुद्रापार गेलेल्या इंग्रजीचे रूप या तारखांवरून उलगडते. १६०७ साली जेम्सटाउन आणि १६२० साली प्लिमथ येथे इंग्रज वसाहतवाले अमेरिकेत उतरले, तेव्हा ‘र’ मायदेशीही जिवंत होता. म्हणून तो जहाजातून त्यांच्याबरोबर गेला. पुढे उत्तर आयर्लंडातून आलेल्या स्कॉच वंशाच्या लोकांनी पेनसिल्व्हेनियात व तेथून डोंगराळ मुलखात तो अधिक पक्का केला. बॉस्टन, न्यूयॉर्क, चार्ल्स्टन या बंदरांचे मात्र लंडनशी दळणवळण निकट होते. तेथील धनिकांनी लंडनची नवी रीत उचलली आणि ‘र’ सोडला, असे अभ्यासक मानतात. ऑस्ट्रेलियात पहिला काफिला १७८८ साली पोहोचला. तोवर दक्षिण-पूर्व इंग्लंडात ‘र’ची अखेर जवळ आली होती. म्हणून ऑस्ट्रेलियाच्या बोलीत ‘र’ नाही. जहाज कोणत्या बंदरातून आणि कोणत्या साली सुटले, यावर खंडेच्या खंडे कशी बोलणार हे ठरले.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, अमेरिकन हाच शेक्सपिअरच्या भाषेचा खरा वारस होय. तोही खरा नव्हे. अमेरिकनाने ‘र’ राखला, ‘पाथ’चा स्वर लांबविला नाही, हे खरे, पण त्याचा ‘क्लर्क’ हा स्पेलिंगवरून आलेला नवा उच्चार आहे. घरी राहिलेला बदलतो आणि परदेशी गेलेलाही बदलतो; फक्त दोघे निरनिराळ्या ठिकाणी बदलतात, आणि प्रत्येकास दुसऱ्याचा बदल तेवढा दिसतो.

स्पेलिंगच्या या सामर्थ्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्यात आमच्याच जातभाईंचा हात आहे. पाचवा हेन्री याने १४१७ पासून आपली पत्रे इंग्रजीतून लिहविण्यास आरंभ केला. त्या व त्यापुढील काळात राजाच्या कचेऱ्यांतील लेखक, व्यापारी आणि १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घालणारा कॅक्स्टन, या सर्वांच्या हातून इंग्रजीचे स्पेलिंग हळूहळू स्थिर होत गेले. नेमके तेव्हाच स्वरांचे स्थलांतर अर्ध्या वाटेवर होते! वाहत्या पाण्याचे चित्र काढून भिंतीवर टांगावे, तसे ते झाले. पाणी पुढे गेले, चित्र राहिले. तीन शतकांनंतर शाळेतील मुले त्या चित्राकडे पाहून पाणी कसे वाहावे ते ठरवू लागली. कारकुनांनी गोठविलेल्या स्पेलिंगनेच पुढे कारकुनाचे नाव ‘क्लर्क’ केले, हा योगायोग आम्हांस मोठा मनोरंजक वाटतो.

आपल्या कचेऱ्यांतील दुसरा नित्याचा शब्द ‘शेड्यूल’. अमेरिकन त्यास ‘स्केड्यूल’ म्हणतो, म्हणून आपण त्यास हसतो. पण हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्याच्या आरंभी नुसता ‘स’ होता, आणि वॉकरच्या काळीही ‘सेड्यूल’ हाच उच्चार अधिक रूढ होता. पंडितांनी मूळ लॅटिनचा मान राखण्यासाठी स्पेलिंगात अधिक अक्षरे घातली. ती पाहून एका देशाने ‘श’ म्हटले, दुसऱ्याने ‘स्क’. हसणारे आणि हसले जाणारे दोघेही नव्या वाटेनेच चालले आहेत.

मग शुद्धाशुद्धाचा निवाडा झाला कसा? जॉन ट्रेव्हिसा याने १३८७ साली पुऱ्या केलेल्या एका इतिहासग्रंथाच्या भाषांतरात उत्तरेकडील, विशेषतः यॉर्कची, बोली कानास बोचणारी असल्याची तक्रार आहे. तिचे एक कारणही त्यात दिले आहे: राजे नेहमी दक्षिणेत राहतात. याहून प्रामाणिक कबुली शोधून सापडणार नाही. १५८९ साली जॉर्ज पटनम याने कवींना सल्ला दिला की, दरबारची आणि लंडनभोवतीच्या सुमारे साठ मैलांतील भाषा तेवढी वापरावी. राजा यॉर्कला राहता, तर हे साठ मैल यॉर्कभोवती मोजले गेले असते.

अठराव्या शतकात या भाषेच्या शिकवण्या सुरू झाल्या. टॉमस शेरिडन या आयरिश नटाने १७६१ साली एडिंबरोत व्याख्याने दिली आणि स्कॉच प्रतिष्ठितांनी ती गर्दी करून ऐकली. डब्लिनच्या माणसाने एडिंबरोच्या माणसांना लंडनचे उच्चार शिकवावे, यातच त्या काळातील धास्ती दिसते. कारण १७०७ पासून स्कॉटलंडची पार्लमेंट लंडनच्या पार्लमेंटात विलीन झाली होती आणि वर चढण्याच्या पायऱ्या लंडनमध्ये होत्या. एकोणिसाव्या शतकात धनिकांच्या निवासी शाळांतून एक विशिष्ट उच्चारपद्धती घडली. डॅनियल जोन्स यांनी १९१७ साली आपला प्रसिद्ध उच्चारकोश काढला, तेव्हा त्यांनी आधारास घेतलेल्या उच्चारांना या शाळांचेच नाव दिले होते. बी.बी.सी.ने १९२६ मध्ये उच्चारांसाठी एक समिती नेमली. राजकवी रॉबर्ट ब्रिजेस तिचे अध्यक्ष होते, आणि १९३० मध्ये त्यांच्या जागी आले ते बर्नार्ड शॉ. फुले विकणाऱ्या मुलीचे उच्चार बदलले की समाज तिला सरदारकन्या समजतो, हे आपल्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातून १९१३ साली दाखविणारे तेच शॉ. हेच नाटक पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली ‘ती फुलराणी’ म्हणून मराठीत आणले.

या पद्धतीची पकड किती घट्ट होती, ते १९४१ साली दिसले. महायुद्धाच्या धामधुमीत बी.बी.सी.ने विल्फ्रेड पिकल्स या यॉर्कशरच्या माणसाकडून राष्ट्रीय बातम्या वाचविल्या. शब्द तेच, बातम्या त्याच. पण त्याच्या उत्तरी उच्चारांवरून तक्रारी आल्या. बॉम्बस्फोटांच्या बातमीतही काही श्रोत्यांचे कान स्वरांवरच होते!

आणि हा निवाडा ध्वनीच्या अंगच्या गुणांवर अवलंबून नसतो, याचा पक्का पुरावा अटलांटिकच्या पलीकडे मिळाला. विल्यम लबॉव्ह या संशोधकाने १९६२ साली न्यूयॉर्कमधील तीन मोठ्या दुकानांत जाऊन विक्रेत्यांना चौथ्या मजल्यावरील एखाद्या वस्तूचा ठिकाणा विचारला. उत्तरादाखल येणाऱ्या ‘फोर्थ फ्लोअर’ या दोन शब्दांत ‘र’ ऐकू येतो की नाही, एवढेच त्यास पाहावयाचे होते. श्रीमंतांच्या दुकानात शंभरांतील ६२ जणांच्या तोंडी ‘र’ कमीअधिक आढळला, मध्यम दुकानात ५१ जणांच्या, आणि स्वस्त दुकानात सुमारे २० जणांच्या. लंडनमध्ये ‘र’ सोडणे प्रतिष्ठेचे आणि शेतकऱ्याने तो उच्चारणे गावंढळपणाचे; न्यूयॉर्कमध्ये ‘र’ उच्चारणे प्रतिष्ठेचे आणि गरिबाने तो सोडणे हलकेपणाचे. ध्वनी एकच, पण एका तीरावर त्यास मानाचे पान आणि दुसऱ्या तीरावर दाराबाहेर बसणे.

इंग्लंडातील विद्वानांनाही ही गोष्ट कळून चुकली होती. लीड्स विद्यापीठाचे हॅरल्ड ऑर्टन आणि झुरिकचे ऑयगेन डीट यांनी खेड्यापाड्यांतील बोलींची पाहणी योजिली. १९५० ते १९६१ या काळात ३१३ ठिकाणी वृद्ध, बहुधा शेतीवर राबणाऱ्या माणसांना तेराशेहून अधिक प्रश्न विचारून त्यांची उत्तरे ध्वनिलिपीत उतरवून घेण्यात आली. ज्यांच्या बोलीस शाळेत छडी मिळाली होती, त्यांच्या दारी विद्यापीठ वही घेऊन बसले. त्या नकाशांत ‘र’ नैर्ऋत्येस, लँकशरमध्ये आणि ईशान्येच्या काही भागांत टिकून असलेला दिसतो. त्यानंतर ही बेटे आणखी आक्रसली आहेत.

हे सर्व आपणांस का सांगावे? एक कारण असे की, आपल्यापैकी अनेकांनी इंग्रजी उच्चारांच्या धास्तीने कचेरीत आणि मुलाखतीत तोंड उघडलेले नाही, आणि त्यांच्या वाट्याची गोष्ट अधिक चटपटीत बोलणारा घेऊन गेला आहे. त्या धास्तीमागे ‘शुद्ध’ नावाची काही सनातन वस्तू उभी आहे, हा भ्रम तेवढा गेला पाहिजे. समोरच्यास समजेल असे बोलावे, हे कर्तव्यच आहे. अमुक साठ मैलांतले बोलावे, हा केवळ त्या त्या काळचा रिवाज आहे.

दुसरे कारण आपल्या स्वतःच्या भाषेचे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर जी मराठी तंजावरास गेली, तिने पुढे पुण्याच्या भाषेतील बदलांची वाट पाहिली नाही. तमिळच्या शेजारात ती आपल्या गतीने चालली. इंदूर-ग्वाल्हेरची आणि बडोद्याची मराठीही अशीच आपापल्या अंगणात वाढली. सुटीत पुण्यामुंबईस गेलेल्या आपल्या मुलांच्या ‘च’ आणि ‘ज’ यांना तेथील भावंडे हसतात, तेव्हा ती मुले गप्प बसतात. आणि काही दिवसांनी मराठीच बोलेनाशी होतात. भाषेचे नुकसान त्यांच्या उच्चाराने होत नाही, त्या गप्प बसण्याने होते. मुलांना प्रमाण मराठी अवश्य शिकवावी. पण हसणाऱ्यास एक प्रश्न विचारण्याची सवयही त्यांना लावावी: हा उच्चार शुद्ध खरा, पण कोणत्या गावी आणि कोणत्या सालापासून?